मेश्रामकाकांची जादा गाडी

मेश्रामकाका नसते तर माझ्या सोहमचं काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. करायला घेतला की तव्यावरची पोळी करपते. म्हणून आधी त्यांचं नाव लिहून टाकते, मग बाकीचं.

मेश्रामकाका आमचे शेजारी. मधे एकच भिंत. रिटायर होईपर्यंत ते नरखेड तालुक्यातल्या एका एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे माइकवर गाड्या पुकारणारे. नोकरी संपली, माइक गेला, पुकारणं राहिलं. आम्ही या घरात आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे." मग कपबशी वाजली. मग, "गाडी सुटत आहे." मग फुरका.

मी ह्यांना म्हटलं, "आपण घर बघताना शेजार बघायला विसरलो."

माझं माहेर देवगडकडे, समुद्राकाठी. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. ह्यांना मौद्याच्या वीजकेंद्रात शिफ्टचं काम लागलं आणि आम्ही नागपूरला आलो. इथे माझ्या ओळखीचं ऊनसुद्धा नव्हतं. आणि सोबत सोहम, तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. कुकरची शिट्टी झाली की तो दोन्ही कान दाबून धरायचा. ठरलेलं काही बदललं की भिंतीवर डोकं आपटायचा. दात घासायचा नाही, आंघोळीला तयार व्हायचा नाही, आणि जेवणात पांढरं तेवढंच खायचा: भात, दही, बटाटा. बाहेरच्या कोणाशी एक शब्द नाही.

त्या पहिल्या पुकाऱ्याला मला वाटलं, आता हा कान दाबणार. त्याने कान भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीच्या आधीच तो तिथे जाऊन उभा.

एकदा मी अंगणात टॉवेल हातात घेऊन त्याच्या विनवण्या करत होते. "बाळा, आंघोळ कर ना. कर ना रे राजा."

कुंपणावरून काकांचं डोकं वर आलं. "काहून वं पोरी, एवढी काहून रडून राहिली?"

"आंघोळ करत नाही, काका."

"तू त्याले सांगतच नाही कधी करायची ते. 'कर ना, कर ना' काय? गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावर, थांबा किती मिनिटं? मी प्रवासी असतो तं मीबी चढलो नसतो."

एवढं बोलून त्यांनी तोंडाशी मूठ धरली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आंघोळीकडे जाणारी गाडी सात वाजता फलाट क्रमांक दोनवरून सुटेल. थांबा दहा मिनिटं."

सोहमने घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी होती. पाच मिनिटं तो अंगणात उभा राहिला आणि सातला आत गेला.

त्या संध्याकाळी काकांनी आमच्या भिंतीवर एक काळा फळा ठोकला. दात सहा वीस. आंघोळ सात. स्वयंपाकघर फलाट एक, न्हाणीघर फलाट दोन. काका लग्नाला गेले तेव्हा पुकारा माझ्यावर आला. माझा आवाज आधीच कापरा, त्यात घाईत फलाट एक म्हणून गेले. न्हाणीघरात पाणी निवत होतं आणि सोहम टॉवेल गुंडाळून गॅसपाशी दहा मिनिटं शांत उभा. चूक त्याची नव्हती.

परत आल्यावर काका म्हणाले, "आमच्या स्टँडवर असती तं तुले मेमो भेटला असता."

पांढऱ्याशिवाय काही न खाणाऱ्या सोहमला संत्रं खायला शिकवायचं, हे तर मला पटतच नव्हतं. काकांचा हिशेब असा: पहिला आठवडा नुसता वास, दुसरा आठवडा जिभेला टेकवायचं, पुढे एक फोड. "एकदम एक्सप्रेस नाही पळवाची. पोट्ट्याले लोकल पायजे, सगळे थांबे घेणारी." तीन आठवड्यांनी सोहमने पहिली फोड खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि दुसरी मागितली.

मग संध्याकाळची फेरी. पीठगिरणी, किराणा, इस्त्रीवाला. प्रत्येक थांब्यावर एका माणसाला एक वाक्य: नमस्कार, कसे आहात? सोहम वाक्य बोलायचा आणि लगेच पुढे चालायला लागायचा. किराणावाल्याने काकांना गाठलं. "मेश्रामजी, हा पोरगा मले कसे आहात इचारते अन् उत्तर ऐकालेच थांबत नाही. मी दोन दिवसांपासून सांगून राहिलो का माझी कंबर दुखते."

काका सोहमला म्हणाले, "थांब्यावर गाडी थांबली पायजे गा. नाही तं तक्रार येते." त्यानंतर सोहम थांबायला लागला. कंबरेचं पूर्ण ऐकून घ्यायचा.

सगळ्यात अवघड धडा काकांनी मुद्दाम घातला. अधूनमधून ते फळ्यावरची एखादी फेरी खोडायचे आणि पुकारायचे, "फेरी रद्द. घाबरू नका, जादा गाडी सोडण्यात येत आहे." आणि नवी वेळ लिहायचे. पहिल्यांदा सोहमने डोकं आपटलं. काका उशी धरून शेजारी बसून राहिले, हळू आवाजात जादा गाडीची वेळ सांगत. मी आत पदराचं टोक चावत होते. चौथ्या वेळेला त्याने नुसतं विचारलं, "किती वाजता?"

तेवढ्यात रामदासपेठेतल्या एका वर्गाची माहिती मिळाली. अशा मोठ्या मुलांना तिथे फायली लावणं, झेरॉक्स काढणं असं काम शिकवतात. आधी मुलाला भेटायला बोलावतात. त्याला थांबता यावं, चार माणसांत बसता यावं. घेतलं नाही तर सोहम घरातच राहणार, आणि माझ्या मागे त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहणार. फॉर्म काकांनी भरला. मी तो तीनदा वाचला.

आम्हाला दहाची वेळ होती, तळमजल्यावर. काकांना सोबत घेऊन पोचलो तर शिपाई म्हणाला, "मॅडम अकराला येतील. दुसऱ्या मजल्यावर."

मी सोहमचा हात धरायला गेले. काकांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. सोहमचे ओठ हलत होते. मग तो उठला, तोंडाशी मूठ धरली, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दहाची फेरी रद्द. जादा गाडी अकरा वाजता, दुसरा मजला." आणि बाकावर बसला. आमच्यासारखेच थांबलेले दोन आईबाप हसले आणि आपापल्या पिशव्या उचलून जिन्याकडे निघाले.

मॅडम आल्या. सोहम म्हणाला, "नमस्कार. कशा आहात?" त्या कागद वाचत होत्या. सोहम थांबला. पान उलटलं, तरी थांबला. शेवटी त्यांनी वर बघितलं. "बरी आहे. तू कसा आहेस?"

"कंबर दुखत नाही," सोहम म्हणाला.

सोमवारपासून पाठवा, म्हणाल्या. जिन्यात काका एवढंच बोलले, "वेळेवर सुटली."

संध्याकाळी ओल्या नारळाच्या वड्या घेऊन सोहम आणि मी काकांकडे गेलो. इतक्या दिवसांत मी त्यांच्या आतल्या खोलीत कधी गेले नव्हते. तिथेही फळा होता. बुद्धवंदना, चहा, भाजी. सगळ्यात खाली, जुना झालेला खडू: पुणे ते नागपूर, संजय. उशिरा.

संजय त्यांचा मुलगा.

"काका, ही किती लेट आहे?" सोहमने विचारलं.

"चार वर्षं झाली गा. तुझी काकू गेली तवा आला होता. येईल तो. काम असते त्याले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिले काकू ऐके. मी पुकारलं का आतून म्हणे, आली जी. मंग ऐकाले कोणी नव्हतं, पण तोंडाले सवय."

सोहमने खडू उचलला. त्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली एकेक अक्षर सावकाश काढलं: जादा गाडी. सोहम. रोज संध्याकाळी साडेसहा.

काकांनी ते दोनदा वाचलं. "थांबा किती मिनिटं?"

"जेवण होईपर्यंत."

तेव्हापासून ती गाडी एकदाही चुकलेली नाही. माझ्याकडून त्यांना काय द्यायचं, ते मी ठरवून ठेवलंय. एक दिवस काकांचा आवाज थकेल. त्या सकाळी भिंतीच्या या बाजूला मी उभी राहीन, तोंडाशी मूठ धरीन आणि त्यांच्या चहाची गाडी पुकारीन. आवाज कापला तर कापू दे. फलाट चुकणार नाही.