जीपला ट्रकचे पाय

सुपडूजिभाऊंच्या घराच्या दाराला ट्रकच्या फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या, बिजागऱ्या आहेत. दार साधं पत्र्याचं आहे, जोराचा वारा आला तर उडून जाईल असं, पण बिजागऱ्या दहा टनांच्या. अंगणातला झोपाळा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर टांगलेला आहे. तुळस ब्रेकच्या ड्रममध्ये लावलेली आहे. आणि म्हैस ज्या साखळीला बांधतात, त्या साखळीनं एके काळी दरीतून गाड्या ओढून काढल्या आहेत. म्हशीनं आजवर एकदाही हिसडा दिलेला नाही. बिचारीला साखळीचं ओझं घेऊन उभं राहणंच पुरेसं होतं.

इतकं दणकट कशासाठी, असं विचारलं की जिभाऊंचं उत्तर ठरलेलं असतं.

"तुटाले नको, बस."

रनाळ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, बरोबर जिभाऊंच्या अंगणासमोर. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पायजमे शिवतो. पूर्वी जीपचे हूड आणि सीटच्या गाद्याही शिवायचो. तेव्हा गावोगावी प्रवासी जीप होत्या आणि एका मोसमात इतके हूड फाटायचे की सुईला उसंत नसायची. आता हूड शिवायला कोणी येत नाही. एकटे जिभाऊ येतात, आणि तेही माप देण्यापेक्षा वाद घालायला जास्त. दुहेरी शिवण घातली तर म्हणतात, तिहेरी घाल. तिहेरी घातली तर दोरा ओढून बघतात. एकदा माझ्या हातातला नायलॉनचा दोरा पाहून म्हणाले, "हाऊ दोरा शे का शेवई?" मी तो दोरा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि तोडून दाखवा म्हटलं. नाही तुटला. त्यावर शाबासकी काही मिळाली नाही, फक्त मान हलली.

जिभाऊंची जीप तेव्हा तळोद्याहून चांदसैली घाटातून धडगावला जायची. वेणूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाजाराच्या दिवशी सुक्या मिरचीची पोती घेऊन त्याच जीपमध्ये असायच्या. आत माणसं, टपावर माणसं, बॉनेटवर माणसं, पायाशी कोंबड्या. एखाद्या लग्नाचं वऱ्हाड असलं तर ढोलाला वेगळी जागा लागायची आणि ढोल वाजवणाऱ्याला नाही. वाटेत कोणी हात केला तर जिभाऊंनी कधी गाडी भरली आहे असं म्हटलं नाही. "सरका रे भो," एवढं म्हटलं की कुठून तरी जागा निघायची. मीही त्या जीपमधून दोन-चारदा गेलोय. उतरल्यावर आपला पाय कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता हे कळायला वेळ लागायचा, पण तसा प्रवास मला पुन्हा कधी घडला नाही. आता घाटातून ज्याची त्याची मोटरसायकल जाते, आणि कोणी कोणाला सरक म्हणत नाही.

त्या घाटात एक चढ असा होता की भरलेली जीप पहिल्या गिअरलाही धापा टाकायची. जिभाऊ तिथं जीप उलटी फिरवायचे आणि रिव्हर्समध्ये चढवायचे. गाडीत सगळ्यात ताकदीचा गिअर रिव्हर्सचाच असतो. पंचाईत एवढीच होती की मागे वळून पाहिलं तर रस्त्याऐवजी पागोटी आणि पोती दिसायची. म्हणून वेणूकाकू अगदी मागच्या टोकाला, डाव्या बाजूला बसायच्या आणि रस्ता पाहून पत्र्यावर थाप मारायच्या. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अख्खी जीप तेवढ्यापुरती गप्प व्हायची. त्या दोन थापांवर जिभाऊंनी कितीएक माणसं वर चढवली असतील.

एकदा त्याच चढावर मागचा एक्सल तुटला. चाकांतली ताकदच गेली आणि जीप उतारावरून सुटली. ब्रेक लागेपर्यंत ती डोंगराच्या अंगाला घासत गेली. बाकी सगळे खरचटण्यावर सुटले. वेणूकाकूंचा पाय मात्र पत्र्यात सापडला. पाय वाचला, पण गुडघा पहिल्यासारखा वाकेना. त्यानंतर काकू जीपमध्ये कधी बसल्या नाहीत.

गावाला वाटलं, बाई घाबरली. मलाही तसंच वाटायचं. एकदा काकू ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या, तेव्हा मी सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, "भ्याव कसानं रे भाऊ? पाय मोडना, नशीबमा व्हतं. पन यास्नी त्या दिनथीन माले एकदाबी 'बठ' म्हनं नही." एवढं बोलून त्यांनी बाही थोडी सैल ठेवायला सांगितली.

मी हे जिभाऊंच्या कानावर घातलं. शेजारधर्म म्हणतात तो हाच. जिभाऊ पान्यानं नट पिळत होते, ते पिळतच राहिले.

"बठ कसं म्हनू? पहिले तुटानं बंद व्हवू दे."

झालं. एक बाई बोलावण्याची वाट बघतेय आणि एक माणूस लोखंडाची खात्री पटायची वाट बघतोय, आणि दोघं एकाच चुलीवरचं जेवतात. मी पुन्हा मधे पडलो नाही. आधी जीपला जाड पाटे आले. मग चासीवर पट्ट्या चढल्या. प्रवासी कधीच संपले होते, जीप फक्त शेतापर्यंत जायची, पण तिची ताकद वर्षागणिक वाढत होती. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत धष्टपुष्ट आणि सगळ्यांत बेकार अशी ती एकटीच होती.

मागच्या उन्हाळ्यात बैलगाडीतून ट्रकचे दोन एक्सल आले, पुढचा आणि मागचा. मागच्याचं हौसिंग, म्हणजे एक्सल ज्या लोखंडी कवचात असतो ते, एवढं मोठं की बैल ते उतरवल्यावर मागे वळून बघत राहिले. जिभाऊंनी ते धुतलं, पुसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली.

"यानावर दहा टन वाळू वाहेल शे, टेलर. आते फक्त एक मानूस बठी."

"कोण?" मी विचारलं.

जिभाऊंना त्याच वेळी एक वायसर सापडेनासा झाला.

अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला साखळी बांधून त्यांनी जीप उचलली. फांदी वाकली, जीप चढली, शेजारणींनी आपापली पोरं घरात घेतली. काम बरेच दिवस चाललं. हौसिंगचं तोंड एका अंगाला येत होतं आणि शाफ्ट चासीला घासत होता. दुसरा कोणी असता तर विचारायला नंदुरबारला गेला असता. जिभाऊ कोणाला विचारतील तर ते जिभाऊ कसले. त्यांनी अख्खं हौसिंग पालथं घातलं. तोंड बरोबर जागेवर आलं. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी त्या दिवशी मला चहा पाजला.

जीप तयार झाली तेव्हा लहान पोरानं बापाच्या वहाणा घालाव्यात तशी दिसत होती. चाकं दोन्ही अंगांना हातभर बाहेर आली होती आणि उंची एवढी झाली होती की जिभाऊंना स्वतःला चढायला माझ्या दुकानासमोरचं बाकडं लागायचं. मागच्या बाजूला मात्र त्यांनी पाट्याचे तुकडे जोडून पायऱ्या केल्या होत्या, अगदी ठेंगण्या, आणि धरायला एक गज. कशासाठी, तर म्हणे बकऱ्या चढवायला. त्यांच्याकडे बकरी नव्हती. माझ्याकडून एकच गादी शिवून घेतली, मागच्या डाव्या कोपऱ्यापुरती, चांगली जाड. तिलाही तिहेरी शिवण.

पहिल्या फेरीला गल्ली जमली. जीप गल्लीतच उभी होती, तोंड मारुतीच्या देवळाकडे, पाठ शेताच्या रस्त्याकडे. देवळापर्यंत जाऊन नारळ वाढवायचा होता. वेणूकाकू नेहमीप्रमाणे दारातच उभ्या होत्या. जिभाऊ बाकड्यावरून वर चढले, टोपी नीट केली, देवळाला हात जोडले आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

जीप सपकन मागे आली. माझं बाकडं चाकाखाली गेलं आणि त्याच्या फळ्या झाल्या.

जिभाऊंनी ब्रेक मारला. गिअर पाहिला. पुन्हा पहिला टाकला. जीप पुन्हा मागे. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे. हौसिंग पालथं बसल्यानं चाकंच उलटी फिरत होती. सगळे गिअर मागे जायला आणि एकटा रिव्हर्स पुढे जायला, अशी गाडी खान्देशात दुसरी नसेल.

गल्ली हसून हसून बसली. मी बाकड्याचं दुःख विसरून हसलो. एक म्हातारा म्हणाला, "सुपडू, देव तुले दर्शन देवाले नही म्हनी ऱ्हायना." पुन्हा हशा झाला. मग माझं लक्ष जिभाऊंच्या तोंडाकडे गेलं आणि माझं हसू जिरलं. इतक्या वर्षांची त्यांची खात्री माझ्या बाकड्याबरोबर मोडली होती. स्टेअरिंगवर हात ठेवून ते समोर बघत बसले होते. उतरायचं तर खाली बाकडंही नव्हतं.

काकू दारातून निघाल्या. लंगडत लंगडत, कोणाकडे न बघता, जीपच्या मागे गेल्या. पायऱ्यांवर हात फिरवला. गज हलवून पाहिला. मग एकेक पाऊल टाकत वर चढल्या आणि डाव्या कोपऱ्यातल्या गादीवर बसल्या. गादी त्यांच्या मापाची निघाली. कोपऱ्याचं माप मीच घेतलं होतं, पण ते कोणासाठी हे मला तेव्हा कळलं.

जिभाऊंनी मान वळवली. "अवं, तू..."

"देऊळ ऱ्हावू द्या. शेतमा चाला, मिरची देखी येऊ," काकू म्हणाल्या. "मांगे मी देखस."

आणि त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

जीप पाठमोरी शेताच्या रस्त्यानं निघाली, हळूहळू, काकूंच्या थापांवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं पुसलं.

आता ती जीप रोज संध्याकाळी तशीच शेतात जाते. रस्ता काकू पाहतात, आणि मान वळवून बसलेले जिभाऊ काकूंना पाहतात. गल्लीला सवय झालीय. मला जिभाऊंनी नवीन बाकडं करून दिलंय, ट्रकच्या फाळक्याचं. ते सरकवायला चार माणसं लागतात, त्यामुळे झाडताना मी त्याच्याभोवतीनंच झाडतो.

परवा त्या बाकड्यावर ते चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "जिभाऊ, हौसिंग सरळ कधी करणार? अर्ध्या दिवसाचं तर काम."

त्यांनी आधी आपल्या दाराकडे पाहिलं. काकू आत होत्या.

"सरळ करं ते मंग ती मांगे कसाले बठी, टेलर?"