किसनभाऊंची बोटुकली

मासा तोंड वासून पाण्यावर आला म्हणजे त्याला भूक लागली, असं मी साठी ओलांडेपर्यंत समजत होते. नुसतं समजून गप्प बसले असते तर ठीक. पण तेव्हा मी नवीनच आजी झालेली. समोर जो तोंड उघडेल त्याला भरवायचं, एवढंच काय ते येत होतं. मी किसनभाऊंच्या अख्ख्या शेततळ्याला कणीक चारली.

किसनभाऊ आमचे देऊळघाटचे शेजारी. एसटीतले कंडक्टर. रिटायर झाल्यावर मासे पाळू लागले, आणि खायचं म्हणाल तर अंड्यालाही न शिवणारा माणूस! रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं आणायची, बोटुकली म्हणतात त्यांना, आणि वाढवायची. कंडक्टरकी मात्र सुटली नव्हती. पिल्लं कडेला गोळा झाली की काठावरून ओरडायचे, "आत सरा बे! दारात गर्दी कायले करता?" तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं तळ्यात कोपर बुडवायचे आणि तोंड पाडून सांगायचे, "पाणी तापलं, वैनी. आता हे जेवत नाईत."

"भाऊ, हे मासे आहेत का जावई?" मी विचारायची.

त्या वर्षी ते हसलेच नाहीत. होळीच्या आधीच ऊन पेटलेलं. तळं निम्म्यावर, पाणी हिरवंगार आणि दाट. पिल्लांचा रंग उतरलेला, काहींच्या अंगावर लाल चट्टे. त्यात पुण्याच्या मुलानं बजावलेलं: यंदा पिल्लं मेली तर तळं बंद करायचं आणि बाबांनी मुकाट्यानं पुण्याला यायचं. बायको गेल्यापासून किसनभाऊ एकटेच होते, मुलाचंही चूक नव्हतं.

"तिथं फ्लॅटात मी कोणाले आत सरा म्हणू?" एवढंच ते मला म्हणाले.

अशात मलकापूरला पुतणीचं लग्न निघालं. एक मुक्काम करणं भाग होतं. जाताना दहादा सांगून गेले, "वैनी, चक्कर मारजा. वर आलेली दिसली तर मले फोन लावा. खायाले काही टाकू नका."

संध्याकाळी आभाळ भरून आलेलं, वारा ठप्प. पिल्लं पाण्यावर येऊन तोंडं उघडत-मिटत होती. माझ्यातली आजी जागी झाली. फोन कशाला? घरी गेले, परातभर कणीक मळली, गोळ्या करून टाकल्या. एकही पिल्लू गोळीला शिवलं नाही. लाजत असतील, म्हटलं.

पहाटे जाऊन बघते तर कणीक आंबलेली, पाण्यावर पांढरी साय, आणि कडेला चांदीच्या चुऱ्यासारखी उलटी पडलेली पिल्लं. मी फोन लावते तोवर किसनभाऊ पहिल्या गाडीतून उतरून बांधावर पोचलेही होते.

"काय टाकलं, वैनी?"

"कणीक. भुकेली होती हो."

"भुकेली नाई! जीव घुसमटून राह्यला होता त्यायचा! तापलेल्या पाण्यात हवा राह्यत नाई, अन् ते सडलं का उरलीसुरलीही गेली!" असं म्हणत मोटरीकडे धावले. बटण दाबलं. लाईट नव्हती.

मग बादली. वाकायचं, भरायची, डोक्यावर उचलून धो धो ओतायची, म्हणजे पडत्या पाण्यासोबत हवा आत जाते. मीही पदर खोचून दुसरी बादली घेतली. ऊन वर आलं, दंड भरून आले, आणि केव्हातरी तळ्याच्या मधोमध असलेली पिल्लं तोंडं मिटून एकेक करत खाली पोहू लागली. बारकी गेली होती. थोराड तेवढी तगली.

किसनभाऊ मेलेली पिल्लं धोतराच्या ओच्यात गोळा करत होते, तेवढ्यात पुण्याचा फोन आला.

"काही गेली," ते म्हणाले. "ऊन लई आहे ना, बापा. बाकीची आहेत... नाई, एवढ्यात नाई येत मी."

फोन खिशात टाकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वैनी, उद्या पहाटेही येजा. माह्या एकट्याच्यानं नाई होत हे."