कावळ्याचं पथ्य

एका जंगलात, बाळांनो, एकदा सगळेच बारीक व्हायला निघाले.

कारण त्या जंगलात कासव डॉक्टर झालं होतं. "अन्न माझ्यासारखं असावं," ते सांगे. "रक्तात सावकाश चालत जाणारं. पांढरा भात, गूळ, मध हे सगळे ससे. धावत जातात, साखर चढवतात आणि मधेच झोपतात. नाचणी खा, कुळीथ खा. वजन उतरेल, कोलेस्टेरॉलही उतरेल."

जंगलाने ऐकलं. रंगराव अस्वलाने तेवढं ऐकलं नाही. त्याची बायको सगुणा मधाच्या पोळ्यापाशी उभी राहून म्हणायची, "अहो, पुरे आता."

"उद्यापासून," रंगराव बोटं चाटत म्हणायचा.

मग सगुणाच गेली.

दहाव्याला रंगरावाने नदीकाठी पिंड ठेवला. पांढऱ्याशुभ्र भाताचा, वर मधाचं बोट.

"कावळा शिवला की समजायचं, वहिनी सुखाने गेल्या," बगळेभटजी म्हणाले.

कावळा आला. त्याने पिंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"काहीतरी राहिलंय त्यांचं. वचन द्या, रंगराव."

"पोरांना सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"तुझ्या भावाशी बोलेन."

कावळ्याने पंख खाजवला.

"बरं, त्याला दिवाळीला बोलावीन!"

ऊन चढलं. एका पायावर उभ्या असलेल्या भटजींनी दुसरा पाय टेकला. मग रंगराव हळूच म्हणाला, "मध सोडला. आजपासून."

कावळा ढिम्म.

"अरे बाबा, शिव की! आता आणखी काय राहिलंय तिचं?"

"वहिनींचं काही नाही हो, काका," कावळा ओशाळला. "माझंच पथ्य चाललंय. भात बंद. नाचणी असती तर केव्हाच शिवलो असतो."

शेजारणीने दिलेली नाचणीची भाकरी घरात होती. रंगरावाने तिचा तुकडा आणून ठेवला. कावळ्याने लगेच झडप घातली.

भटजी हसू दाबत म्हणाले, "मग मधाचं तेवढं परत घ्या. गैरसमजात दिलंत."

रंगराव नदीकडे बघत होता.

"नको," तो म्हणाला. "तिने ऐकलं असेल."

वर्षभरात रंगराव निम्मा झाला. कोलेस्टेरॉल उतरलं. कासव त्याला दाखवून नवे पेशंट मिळवू लागलं. मेव्हणा दिवाळीला आला, तो अजून गेलेला नाही.

तात्पर्य : वचन देण्याआधी कावळ्याला पथ्य विचारून घ्यावं. नाहीतर उगाच सुधारण्याची वेळ येते.