उंदरांचा उपास

संस्थान विलीन झालं, जव्हारच्या पागेतले घोडे गेले आणि त्यांच्या जागी केळुसकरांचे उंदीर आले. मुंबईच्या उकाड्यात ते टिकेनात, म्हणून संशोधन संस्थेने त्यांना इथल्या थंड हवेला धाडलं होतं. पांढऱ्यांच्या घराण्यात पोटात गाठी व्हायच्या, काळ्यांच्या होत नसत. आतड्यातल्या पाचक रसाचा जोर मोजून केळुसकरांना त्याचं कारण शोधायचं होतं. येत्या सोमवारी मुंबईहून मोठे साहेब येणार होते. त्यांची सही मिळाली नाही तर हे सगळं बंद होणार, म्हणून केळुसकरांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

रस मोजायचा तर उंदराचं पोट रिकामं हवं. "फागी, आज ह्यांना उपास," त्यांनी पिंजरे सांभाळणाऱ्या फागीला बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहिलाच उंदीर चिरला, तर आतडं गच्च भरलेलं.

"काय खायला घातलंस?"

"उपासाचाच दिला, सायेब. वरई न् कोनफळ. वकीलबाईंकडं भांडी घासते, तिथं ह्याच चालतं."

केळुसकरांनी कपाळाला हात लावला. "अगं, उपास म्हणजे पोटात काही म्हणजे काही जाता कामा नये. नुसतं पाणी. मग कोणी कितीही केविलवाणं बघू दे."

"मंग तसा सांगाचा ना."

सोमवारी उंदीर कडकडीत उपाशी होते. केळुसकर आत काचेच्या नळ्यांत बुडालेले असताना साहेब मोटारीतून उतरले. "बाई, आज माझा सोमवार. उपास आहे," असं म्हणून त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा फागीच्या हाती दिला. "एवढी गरम करून आणा."

फागीने पाण्याचा तांब्या आणला. काही वेळाने दुसरा आणला.

"अहो, खिचडी?"

"उपास ना तुमचा?" फागी म्हणाली. साहेब फार केविलवाणं बघू लागले, तेव्हा तिने मान फिरवली. ते उठत, येरझाऱ्या घालत, पुन्हा बसत.

दुपार कलल्यावर केळुसकर धावतच बाहेर आले. "साहेब, फरक सापडला. पांढऱ्यांच्या रसाचा जोर काळ्यांच्या निम्मा."

"माझा डबा कुठे आहे?"

"उरल्या उंदरांचा उपास सुटला, त्यांना दिला," फागी म्हणाली. मग ती केळुसकरांकडे वळली. "सायेब, ह्यांना सकाळधरून पान्याबिगर काय दिला नाय. कवा चिरायचा?"

साहेबांनी कागद न वाचताच सही केली आणि परतीच्या मोटारीकडे धूम ठोकली.