महादूअण्णांच्या टीव्हीला दोन पंच लागतात

महादूअण्णांना टीव्ही बघायचा असला की ते आधी गल्लीत येऊन उभे राहतात आणि माणसं गोळा करतात. दोन म्हणजे दोनच. एकच मिळाला तर त्याला चहा देऊन बसवून ठेवतात, पण दुसरा येईपर्यंत पडदा काळाच. तिसरा कोणी हौसेनं डोकावला तर त्याला दारातूनच परतवून लावतात. "पंच भरलं, पावणं. उद्या या."

मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही की जात विचारली नाही. मी चंद्रपूरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. हे सगळं कसं सांगायचं याची रस्ताभर जुळवाजुळव करत आलो होतो. अण्णांनी एवढंच विचारलं, "सांजच्याला मोकळं असता का?"

"असतो."

"कोर्टात साक्ष देताना कधी उलटलाय का?"

"कोर्टच पाहिलं नाही जी."

"मग बसा की! ती खुर्ची तुमची." त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीची किल्ली मला त्यानंतर मिळाली. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ही खोली त्या खुर्चीवर मिळालेली आहे. खुर्ची गेली की खोली गेली.

आता हे पंच प्रकरण काय ते सांगतो. पोलिसांनी कुणाच्या घरातून काही जप्त केलं की ते बघायला आणि कागदावर सही करायला दोन साधी माणसं लागतात. ते पंच. अण्णांचा चहाचा गाडा पोलीस चौकीच्या बरोबर समोर होता. चोरीची सायकल सापडू दे, नाहीतर कुणाच्या परड्यात दारूचा कॅन, हवालदार पायरीवरूनच हाक मारायचा, "अण्णा, चला, पंच पायजे!" अण्णा स्टोव्ह बारीक करायचे, टॉवेलला हात पुसायचे आणि निघायचे. एकदा वकिलानं कोर्टात त्यांना घेरलं, "दर गुन्ह्यात तुम्हीच पंच कसे हो?" अण्णा म्हणाले, "साहेब, गाडा समोर हाय. गुन्हं लांब लांब व्हायला लागल्यात, त्याला मी काय करू?" जज्जसाहेब हसले म्हणे. हे सांगताना अण्णा अजून छाती पुढं काढतात.

पुढं रस्ता रुंद झाला आणि गाडा गेला. "आता कोण हाक मारत न्हाय," अण्णा म्हणतात. "आता मोबाईलवर शूटिंग काढत्यात म्हणं."

त्याच सुमाराला त्यांना एक खोकं मिळालं. एक सीडीचं दुकान बंद होत होतं. मालकानं जुन्या ओळखीवर डीव्हीडी प्लेअर आणि पोलिसांच्या एका मालिकेचं अख्खं खोकं देऊन टाकलं. ही मालिका टीव्हीवर कधी आली आणि कधी गेली हे कुणाला कळलंच नव्हतं, आणि बघितल्यावर का ते कळतं. खून होतो आणि साहेब अर्धा भाग जीपची किल्ली शोधतात. पंखा कुरकुरतो. आरोपी चहा मागतो आणि त्यात साखर कमी म्हणून परत करतो. पाठलाग नाही, पिस्तूल नाही. एका भागात तर नुसता पाऊस थांबायची वाट बघतात.

"खरं हाय ह्ये," अण्णा म्हणतात. "चौकीत असंच असतंय. निम्मं आयुष्य खुर्ची शोधण्यात जातंय."

बाकीच्या मालिका त्यांना चालत नाहीत. एकदा शेजारच्या घरी एक इन्स्पेक्टर रुमालानं सुरा उचलताना त्यांनी बघितला आणि उभे राहून ओरडले, "ए! पंच कुठाय? सुटला लका आरोपी!" त्या घरच्यांना वाटलं, खरंच कोणीतरी सुटला. त्यांनी दार लावून घेतलं.

या खोक्यातल्या मालिकेत मात्र दर भागात पंच येतो. साहेब चौकीबाहेर येतात, रस्त्यानं चाललेल्या कुणाला तरी थांबवतात. "जरा पाच मिनिटांचं काम आहे." तो माणूस घड्याळ बघतो, नको नको म्हणतो आणि मग जातो. इथं अण्णांचा रिमोट चालतो. चित्र थांबतं.

"बघा पावणं. पिशवीत काय हाय त्याच्या?"

"भेंडी दिसते."

"भेंडीच. घरात वाट बघत्यात त्याची. तरी आला का न्हाय?" मग मागं जाऊन पुन्हा तेच. साहेब बाहेर येतात, हाक मारतात, तो घड्याळ बघतो. अण्णांचे ओठ साहेबांबरोबर हलतात. एवढं झालं की टीव्ही बंद. खून कुणी केला, हे मला आजपर्यंत एकाही भागात कळलेलं नाही. मी एकदा म्हटलं, ही मालिका मोबाईलवर मिळते का बघू, शेवट तरी कळेल. अण्णांना ते अजिबात रुचलं नाही. "मोबाईलवर एकटा माणूस बघतोय. एकट्यानं बघितल्याला काय अर्थ हाय?"

दुसरे पंच म्हणजे पलीकडच्या बोळातले रशीदचाचा. गाद्या भरतात. दिवसभर कापूस पिंजून आल्यामुळे खुर्चीत बसले की झोपतात. अण्णा चमच्यानं पेल्यावर वाजवतात. "रशीद, पंच झोपला तर केस पडतीया!"

"महादू, खून बायकोनंच केलाय," चाचा डोळे न उघडता सांगतात. "मला झोपंतबी दिसालंय."

मी चटणीच्या कांडपावर कामाला आहे. दिवसभर मिरची कुटायची. कपड्यांना मिरचीचा तिखट वास असा बसलेला की अण्णा म्हणतात, "आधी ठसका येतोय, मागनं पावणं येत्यात." मशीनच्या आवाजात तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. नवा होतो तेव्हा मला वाटायचं, कोल्हापुरात सगळी माणसं माझ्याशी भांडतायत. नंतर कळलं, ती जेवलास का म्हणून विचारतायत. तरी पण दिवसात माझ्याशी सरळ बसून बोलणारं माणूस म्हणजे अण्णाच. म्हणून मी खुर्ची चुकवत नव्हतो. ताप असला तरी जाऊन बसायचो.

रविवारी पुण्याहून अण्णांच्या मुलीचा, शोभाताईंचा फोन येतो. त्या विचारतात, गोळी घेतली का? अण्णा फोन माझ्यापुढं धरतात. "पंच, बोला."

"हो ताई, घेतली. माझ्यासमोर."

"आणि जेवण?"

"भाकरी आणि आमटी. मी पाहिली."

"बरं," म्हणून ताई फोन ठेवतात. कामात असतात त्या. त्यानंतर थोडा वेळ अण्णा फोन तसाच हातात धरून बसतात, आणि मी टीव्हीच्या काळ्या पडद्याकडं बघतो. पंचानं जेवढं दाखवतील तेवढंच बघायचं असतं.

परवा सकाळी मी गडबडीत फोन खोलीतच विसरलो. दिवसभर जीव टांगणीला. सुटी झाल्याबरोबर तडक परत आलो, तर अण्णांकडं माझ्या खुर्चीत दुसराच माणूस. पार्सल पोचवणारा कोणीतरी, पाठीवरची मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. शेजारी रशीदचाचा जागे. टीव्हीवर भेंडीवाला थांबलेला.

काय चुकलं असेल? आदल्या दिवशी वाटी विसळायची राहिली होती. त्याच्या आधी एकदा चाचांबरोबर मलाही डुलकी लागली होती. खोली सोडायची तर कुठं जायचं, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

"अण्णा, मला उशीर नाही झाला."

"न्हाई झाला." अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पण तू आता पंच चालत न्हाईस."

अण्णांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. रागानंच केलं असणार, असं मला वाटलं.

"काय चुकलं असेल तर..."

"तुझ्या आईचा फोन आलता. सारखा वाजालता, म्हणून तुझी खोली उघडून घेतला मी." आता ते माझ्याकडं वळले. "काय बोलतीया निम्मं कळंना. कायले, कायले करत होती. पण एक समजलं. म्हणाली, माहा पोरगा आता तुमच्या हवाली हाये जी."

आई कुणालाही असंच म्हणते. गावाकडं बसच्या कंडक्टरलासुद्धा म्हणाली होती. ते मी सांगणार होतो.

"आता हवाली केलं म्हटल्यावर झालं की," अण्णा म्हणाले. "ताबा माझ्याकडं आला. घरचा माणूस पंच चालत न्हाय. वकील पहिला त्योच प्रश्न विचारतोय, नात्यातला हाय का? म्हणून ह्या पावण्यांना थांबवलं."

पार्सलवाल्यानं घड्याळ बघितलं. "अण्णा, अजून किती वेळ? माझी डिलिव्हरी राह्यलीया."

"पाच मिनिटांचं काम हाय, पावणं."

रशीदचाचा खाली बघून हसत होते. मी दारातच उभा. अण्णांच्या खोलीत दोनच खुर्च्या, दोन्ही भरलेल्या. अण्णा नेहमीसारखे कॉटवर. इतके दिवस येऊनही मी त्या खुर्चीशिवाय या घरात कुठं टेकलो नव्हतो.

"मग मी कुठं बसू?" मी विचारलं.

अण्णांनी रिमोट उचलला होता. त्यांना खरंच माझ्या प्रश्नाचा वैताग आला होता.

"कुठंबी बस की मर्दा," ते म्हणाले. "घर हाय."