परबकाकांचं भिन्नमत

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की विक्रोळीत आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर तो पाच विरुद्ध एक होतो. तो एक म्हणजे अनंत परब. त्यांना न्यायमूर्ती कोणी नेमलेलं नाही, वकिलीची सनद त्यांच्याकडे नाही आणि लॉ कॉलेजची पायरीही ते कधी चढलेले नाहीत. तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, चार फुलस्केप पानांचं 'भिन्नमत' टाचलेलं असतं. खाली सही, अ. वि. परब, फ्लॅट २०३.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे परबकाकांच्या लेखी मी सरकार, आणि सरकारबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. सरकारने चोर पकडावेत, सीमा राखाव्यात आणि उरलेला वेळ गप्प बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. माणसाने काय खावं, काय बोलावं, कोणाशी लग्न करावं, जमीन कोणाला विकावी, यातलं काहीही कोर्टापुढे आलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घटनेत कुठे लिहिलंय?" आवाज चढला की मालवणी सुरू होते, "सरकाराचो हयसर काय संबंध?" हाच प्रश्न त्यांनी मला गच्चीच्या कुलपावरून, गाड्यांच्या स्टिकरवरून आणि गणपतीच्या आरतीची वेळ ठरवण्यावरून विचारलेला आहे.

हे ज्ञान आलं कुठून, तर प्रुफांतून. कायद्याची पुस्तकं काढणाऱ्या एका छापखान्यात काका तीस वर्षं प्रूफरीडर होते. वडील गिरणीत, घरात कोणी फारसं शिकलेलं नाही, आणि हा माणूस दिवसभर मोठमोठ्या न्यायमूर्तींचे स्वल्पविराम तपासत बसायचा. तपासता तपासता त्यांच्या ध्यानात आलं, की न्यायमूर्ती नुसते स्वल्पविरामातच चुकतात असं नाही. पण ते दुरुस्त करण्याचा अधिकार प्रूफरीडरला नव्हता. ती तीस वर्षांची खुमखुमी आता आमच्या बोर्डावर निघते.

घटनापीठाचं कामकाज हल्ली फोनवर थेट दिसतं. काकांच्या मते देशातली ही एकमेव चांगली सोय आहे, आणि तीही सरकारने केलेली नाही, कोर्टाने केली. साडेदहाला कोर्ट बसायच्या आत काकांची आंघोळ, देवपूजा उरकलेली. कोर्ट एक वाजता जेवायला उठलं की हेही उठणार. सरकारी वकील बोलू लागला की हे फोनवर ओरडणार. न्यायमूर्ती आत आले की शेजारी बसलेल्या परबकाकू मात्र हात जोडून उभ्या राहायच्या. काका म्हणायचे, "बस गो, घर आपला आसा."

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी रोज सकाळी खटल्यांवर टिपण टाकायला सुरुवात केली, तेव्हा वैतागून मी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. चूक झाली. दुसऱ्या दिवशी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अकरा पानं बोर्डावर लागली आणि पाण्याचं वेळापत्रक त्याखाली दिसेनासं झालं. लोक मलाच शिव्या द्यायला लागले. मी निमूट ग्रुप खुला केला. ती अकरा पानं पुढे आमच्या इस्त्रीवाल्याने नेली असावीत, कारण माझा शर्ट तिसऱ्या पानात गुंडाळून आला. वाचायचं नाही असं ठरवूनही मी ते पान वाचलं, आणि मला ते पटलं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एकूण काय, माणूस डोक्याला ताप, पण करमणुकीचा. सगळं असंच चाललं असतं. पण काकूंना विसर पडायला लागला.

आधी नावं गेली, मग दिवस. कधी कधी समोर बसलेले काकाच ओळखू यायचे नाहीत. एक सवय मात्र राहिली. रोज चारला काकू पर्स काखोटीला मारून मासळीबाजारात जायच्या. घ्यायचं काही नाही. बांगड्याचा कल्ला उचलून लाल आहे का ते बघायचं, कोळणीशी भावावरून भांडायचं आणि परत यायचं. एक दिवस त्या बाजारावरून पुढे चालत राहिल्या. पार हायवेपर्यंत. ट्रकांच्या मधोमध उभ्या असलेल्या काकूंना एका रिक्षावाल्याने बघितलं, आत बसवलं आणि विचारत विचारत गेटवर आणून सोडलं.

मी त्याच संध्याकाळी वॉचमन पांडेला सांगून टाकलं, की परबकाकूंना एकटं बाहेर सोडायचं नाही. गेटच्या रजिस्टरमध्ये तसं लिहून सही केली. मला वाटलं, काका आभार मानतील.

दुसऱ्या दिवशी पांडेने काकूंना अडवलं. त्या त्याच्या खुर्चीत तासभर बसून राहिल्या आणि मग वर गेल्या. तिसऱ्या दिवशी अर्ज आला. विषय, संचारस्वातंत्र्य. प्रतिवादी, मी.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात कमिटी बसली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. चेअरमनपासून सगळे त्यांना समजावत होते. बाईमाणूस, वय झालेलं, हायवे जवळ. मीही म्हणालो, काका, त्यांच्याच भल्यासाठी केलंय हो.

काका माझ्याकडे वळले. "तीस वर्षं प्रुफं वाचलीत मी. 'त्यांच्याच भल्यासाठी' हे शब्द आले ना, की पुढच्या पानावर कोणाला तरी कोंडलेलं असतं. एकदाही चुकलं नाही हे."

मला राग आला. घरात आजारी माणूस आणि ह्यांना पुस्तकं सुचतायत. मी बोलून गेलो, "काका, ट्रकला घटना वाचता येत नाही."

मग मतं घेतली. सातच्या सात जणांनी माझ्या बाजूने हात वर केले. मी पेन उघडून बसलो, कारण आता 'माझं भिन्नमत नोंदवा' येणार हे ठरलेलंच होतं. ते आलं नाही. काकांनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिनिट्सच्या वहीत त्यांच्या नावाची ओळ कोरी राहिली. मी जिंकलो होतो आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले. शेजारीण काकूंजवळ बसली होती, म्हणून त्यांना घाई होती.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "हायवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बाहेरून कुलूप घातलं होतं. औषधं आणायची होती. वीस मिनिटं लागली. परत येऊन दार उघडलं तर ही चपला घालून, पर्स घेऊन दाराशीच जमिनीवर बसलेली. मला म्हणते, चुकलं माझं, परत नाही करणार. काय चुकलं, ते तिला ठाऊक नव्हतं रे. कोंडलंय म्हणजे आपणच काहीतरी केलं असणार, एवढंच कळलं तिला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आदेश रद्द कर म्हणत नाही. सात दिवसांची स्थगिती दे. मी बघतो काय ते."

भर चहाच्या वेळी, माझ्या हॉलमध्ये, गंजीफ्रॉकवर बसून मी स्थगिती दिली. खाली जाऊन पांडेलाही सांगून आलो.

पुढल्या शनिवारी मला सुट्टी होती. एरवी मालाडच्या ऑफिसात असलो की दुपारी इथे काय चालतं ते मला कळत नाही. त्या आठवड्यात दिल्लीत काकांच्या लाडक्या विषयाची, मालमत्तेच्या हक्काची, सुनावणी चालली होती, आणि शेजारीण सांगत होती की काका रोज साडेतीनलाच फोन बंद करतात. सरकारी वकील बोलत असला तरी. मला ते खरंच वाटेना.

चारला काकू गेटमधून बाहेर पडल्या. पर्स काखोटीला, चाल झपझप. त्यांच्यामागे दहा पावलांवर काका. त्या थांबल्या की हे थांबणार, पानाच्या टपरीकडे बघितल्यासारखं करणार. रस्ता ओलांडायची वेळ आली की मात्र दहाची दोन पावलं व्हायची, आणि काका गाड्यांपुढे हात आडवा धरायचे. काकूंना वाटायचं, गाड्या आपल्यासाठीच थांबल्या. मी काकांच्या मागे वीस पावलांवर होतो. बाजारात काकूंनी कल्ले बघितले, भावावरून भांडण केलं, काही घेतलं नाही. कोळीण काकांकडे बघून मान हलवत होती. तिला सगळं माहीत असावं.

परतताना काकू एकदम थांबल्या आणि मागे वळल्या. काकांना टपरी सापडली नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो, पण ऐकू येत होतं.

"तुम्ही आमच्याच बाजूला राहता का?" काकूंनी विचारलं.

"हो."

"घरी कोण असतं?"

"बायको."

"मग तिला एकटी टाकून असे फिरता?"

"तीही बाहेर पडलीय," काका म्हणाले. "तिला फिरायला आवडतं."

"मग बरोबर जावं की तिच्या."

"तिला वाटतं ती एकटी जाते. तसंच वाटू दे तिला."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी त्या दुकानात उभा होतो, आणि दुकानदार मला काय हवंय ते विचारत होता.

"चांगला माणूस मिळाला हो तिला," काकू म्हणाल्या, आणि पर्स सावरून घराच्या दिशेने चालू लागल्या.

काकांनी त्यांना दहा पावलं जाऊ दिली. मग तेही निघाले.