डॉक्टर बदलण्यास योग्य दिवस

‘पोरा, मोठा श्वास घे. सोड. आता सांग, जेवतोस कुठं?’

दिल्लीत नोकरीला लागलो, त्या पहिल्या थंडीत हा आवाज पाठीमागून आला आणि निम्मा ताप तिथंच उतरला. सगळं शहर ‘साँस लो’ म्हणत असताना एक माणूस ‘श्वास घे’ म्हणाला. तेव्हापासून वाशीमचे डॉ. दादाराव इंगोले आमचे डॉक्टर. माणूस पक्ष बदलू शकतो, फोनची कंपनी बदलू शकतो. डॉक्टर बदलणं मात्र एरवीही अवघड आणि भिडेपोटी अशक्य असतं.

कोटल्याच्या गल्लीतला त्यांचा दवाखाना आदर्श आहे. नंबर लावावा लागत नाही (रांग नसते). तपासणी शांत : स्टेथोस्कोपच्या नळ्या गळ्यात हारासारख्या रुळलेल्या, चकती पेशंटच्या पाठीवर, डोळे मिटलेले, मान संथ हलते आहे. मग निदान. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातली शंभर टक्के दुखणी गॅसची निघाली. त्यात माझा मुरगळलेला घोटाही आला.

माझ्या बायकोचा, लीलाबाईचा दमही गॅसचाच. पूर्वी ती भाजीची पिशवी घेऊन लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरचा जिना चढताना गुणगुणायची :

दिल्लीच्या हवेला गं, नाही जुईचा सुवास
वरच्या मजल्याला बाई, जिना मोजतो श्वास

दोन्ही ओळी एका दमात. मग वाटणी झाली : पहिली ओळ खाली, दुसरी दारात पोचल्यावर. यंदा दुसरी ओळ वर आलीच नाही.

मुलगी समता नोएडात नोकरी करते. ती म्हणाली, ‘बाबा, यार, हे गॅस नाहीये. बिल्कुल नाही. हार्टवाल्याला दाखवू. मी अपॉइंटमेंट घेते.’

‘घे की. आधी योग्य दिवस तर ठरवू.’

आमच्या घरी मुहूर्त मानत नाहीत, त्यामुळे दिवस विवेकानं ठरवावा लागला. एप्रिल नको, जयंती समितीचे अध्यक्ष डॉक्टरच. मे नको, बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडे असते. पावसाळ्यात वर्षावास, धम्मश्रवणाचे तीन महिने, तेव्हा कुणाचं मन दुखवू नये. ऑक्टोबरात ते दीक्षाभूमीला जातात, आणि माणसाच्या पाठीमागं डॉक्टर बदलणं बरं दिसत नाही. हिवाळ्यात तर सगळ्या दिल्लीलाच दम लागतो. एकट्या लीलाच्या दमासाठी डॉक्टरांना जबाबदार धरणं अन्यायाचं. उरला मार्च. पण मार्चमध्ये मार्चअखेर असते (मी केंद्र सरकारात अनुभाग अधिकारी आहे). सबब, प्रस्ताव पुढील वर्षाकडे वर्ग करण्यात आला.

मग एका संध्याकाळी लीला जिन्यातच बसली. पिशवीतले बटाटे एकेक पायरी उतरत गेले आणि ती नुसती बघत राहिली.

‘आज डॉक्टरकाकांना सांगायचं,’ समता म्हणाली. ‘नाहीतर मी सांगते.’

मी संत्रा बर्फीचा डबा घेतला. (बातमी जितकी कडू, तितका डबा मोठा. हा किलोचा होता.)

दवाखान्यात मी क्रमानं हवा, वेतन आयोग आणि डॉक्टरांच्या पुतण्याची बदली हे विषय घेतले. डॉक्टरांनी चकती लीलाच्या पाठीवर ठेवली. डोळे मिटले. मान हलली.

‘छाती एकदम साफ, वहिनी. गॅस आहे.’

‘डॉक्टरसाहेब,’ लीला म्हणाली, ‘एकदा... त्या नळ्या कानात तरी घाला.’

समतानं माझ्याकडं पाहिलं. मी बर्फीकडं.

‘दोन वर्षं बघतेय. बोलले नाही... तुम्हाला कसं वाटेल म्हणून.’

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला, निवृत्त माणूस ऑफिसची किल्ली ठेवतो तसा.

‘घालून काय करू, वहिनी? बोललेलं कळतं, छातीतलं कळत नाही आता. दवाखाना बंदच करणार होतो. पण तुम्ही येत राहिलात. म्हटलं, बंद केला तर यांना वाईट वाटेल.’ मग ते माझ्यावर ओरडले, ‘संघपाल, बर्फी काय आणतोस? रिक्षा आण! आत्ताच्या आत्ता ने हार्टवाल्याकडं. किती उशीर केलास, पोरा!’

लीला दाखल आहे. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन सोमवारी. नवे डॉक्टर म्हणाले, हे तर साध्या स्टेथोस्कोपनंही ऐकू आलं असतं. मी मान हलवली.

आता तुम्ही विचाराल, डोळ्यांदेखत नळ्या गळ्यात असताना हा नवरा दोन वर्षं गप्प बसलाच कसा? त्या गळ्यात आहेत, हे मी तुम्हालाही वर स्पष्ट लिहून कळवलं होतं. तुम्हीही मान हलवून पुढं गेलात.